गिअरच्या दांड्यावरचा अर्धा किलो

टपालानं आलेला खोका आईनंच उघडला. आतून पोलादाचा चकचकीत गोळा निघाला, मोठ्या लिंबाएवढा. तिनं तो तळहातावर तोलला आणि विचारलं, "वाण्याच्या तागडीतलं अर्ध्या किलोचं माप आहे की काय रे हे?"

अंदाज अचूक होता. ५ सेंटिमीटर व्यासाचा भरीव पोलादी गोळा ५१० ग्रॅमच्या आसपास भरतो. तो माझ्या गाडीच्या गिअरच्या दांड्यावर बसायचा होता. कशासाठी, हे तिला समजावायला लागलो आणि मलाच ते धड माहीत नसल्याचं कळलं.

गाडी २००१ सालची माझदा एमएक्स-५. स्वराज माझदाच्या टेम्पोंमुळे आपल्याकडे हे नाव ओळखीचं आहे, पण ही वेगळीच जात. दोन माणसांची, उघड्या टपाची, हाती गिअर टाकायची छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ मध्ये तिची पहिली पिढी आली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये १० लाखावी गाडी तयार झाली. दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुठल्या गाडीचा नाही. मी राहतो फिनिक्सला, अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात. इथे अशी गाडी बाळगणारे बरेच भेटतात, आणि त्यांतला दर दुसरा माणूस सांगतो की जड नॉब, म्हणजे दांड्याच्या टोकाची मूठ, बसव, गिअर लोण्यासारखा पडेल.

लोण्यासारखा म्हणजे नेमकं काय, हे मात्र कुणी सांगत नाही.

गिअरचा दांडा ही साधी तरफ. टेकू मधे, लांब बाजू वर, आखूड बाजू खाली. एमएक्स-५ मध्ये हा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यातच उतरतो, मधे केबल वगैरे काही नाही. वरची बाजू खालच्या चौपट लांब आहे असं धरू. मग वर हातानं लावलेला जोर खाली चौपट होतो, आणि हात चौपट अंतर हलतो. इथपर्यंत शाळेतलं गणित. जडत्वाचा हिशेब मात्र वर्गाचा असतो. टोकाला ठेवलेलं वजन गिअरबॉक्सला चौपट नाही, सोळापट जाणवतं. शंभर ग्रॅमचा नॉब खालून १.६ किलोसारखा भासतो, अर्ध्या किलोचा गोळा ८ किलोसारखा. आकडा ऐकून छाती दडपते. म्हणूनच मीही उत्साहानं गोळा मागवला होता.

जडत्वाचा फायदा आईला जात्यावरून लगेच पटला. जात्याचा वरचा दगड जड असतो. खुंटा ओढताना हाताचा जोर फेरीभर सारखा नसतो, एका बाजूला जास्त लागतो, दुसऱ्या बाजूला कमी. दगड हलका असता तर प्रत्येक फेरीत जातं अडखळलं असतं. जड दगड जोराच्या वेळी गती साठवतो आणि ढिलाईच्या वेळी ती परत देतो. काम तेवढंच राहतं, ते फक्त वेळेत सपाट पसरतं. वजनदार नॉबही हेच करतो. तो एक पैशाचंही श्रम वाचवत नाही.

आता ही साठवण किती, ते पाहू. गिअर बदलताना नॉब साधारण सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगानं सरकतो असं समजा. शंभर ग्रॅमच्या नॉबमध्ये तेव्हा ०.०१८ ज्यूल गतिज ऊर्जा असते, अर्ध्या किलोच्या गोळ्यात ०.०९ ज्यूल. दोन्ही आकडे किरकोळ. प्रश्न असा, की वाटेत जे अडथळे येतात ते याहून मोठे की लहान?

अडथळे दोन जातींचे आहेत, आणि सगळी गंमत इथेच आहे.

पहिला अडथळा खाचेचा. गिअरबॉक्समध्ये गिअर निवडणाऱ्या दांड्या असतात. प्रत्येक दांडीवर खाचा असतात आणि स्प्रिंगनं दाबलेली छोटी पोलादी गोळी त्यांत बसते, म्हणजे गिअर आपोआप निसटत नाही. गिअर टाकताना जो 'खट्' जाणवतो तो याच गोळीचा. ही खाच ओलांडायला नॉबपाशी सरासरी १५ न्यूटनचा जोर ५ मिलिमीटर लावावा लागतो असं धरलं, तर खर्च ०.०७५ ज्यूल होतो. म्हणजे जड गोळा स्वतःच्या गतीवर खाच पार करून पलीकडे जातो. हलका नॉब तिथे थबकतो आणि हाताला मागून रेटावं लागतं. लोणी म्हणतात ते हेच. गोळा खरोखर फरक करतो, तो या जागी.

दुसरा अडथळा सिंक्रोमेशचा. अमेरिकेतल्या कॅडिलॅक या गाड्यांच्या कंपनीनं १९२८ मध्ये ही यंत्रणा बाजारात आणली. त्याआधी गिअर न किरकिरवता टाकायचा तर चालकाला क्लच दोनदा दाबून एंजिनचा वेग अंदाजानं जुळवून घ्यावा लागे. आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांचा 'डबल क्लच' तो हाच. सिंक्रोमेशनं हा अंदाज माणसाकडून काढून पितळेच्या एका कड्याकडे दिला. दांडा ढकलला की फिरणारी बाही, म्हणजे गिअरला जोडणारी सरकती नळी, हे कडं गिअरच्या निमुळत्या कडेवर दाबते. घर्षणानं दोघांचे वेग एक होऊ लागतात. ते पूर्ण जुळेपर्यंत कड्याचे तिरपे दात बाहीला वाटेत अडवून धरतात. जुळले की कडं किंचित फिरतं, वाट मोकळी होते आणि बाही पुढे सरकून गिअरमध्ये अडकते. एवढं सगळं सेकंदाच्या एका तुकड्यात होतं, आणि आपल्याला तळहाताखाली एक मऊसर विरोध तेवढा कळतो.

इथे ऊर्जेपेक्षा आवेग मोजावा लागतो, म्हणजे जोर गुणिले वेळ. वेगात जितका फरक, तितका ठरावीक आवेग कड्याला हवाच. जोर जास्त लावा, वेळ कमी लागेल. जोर कमी लावा, वेळ जास्त लागेल. गुणाकार तोच. समजा नॉबवर ३० न्यूटन जोर पाव सेकंद लागला. ३० न्यूटन म्हणजे हातात ३ किलोची पिशवी धरण्याएवढा जोर. आवेग झाला ७.५ न्यूटन-सेकंद. आमच्या अर्ध्या किलोच्या गोळ्याचा संवेग किती? ०.५ गुणिले ०.६, म्हणजे ०.३. जेमतेम ४ टक्के!

म्हणजे गोळा खाचेवर मात करतो, सिंक्रोपुढे त्याची मात्रा चालत नाही. तिथे उरलेले ९६ टक्के तुमच्या हातालाच द्यावे लागतात. गॅरेजांमध्ये दोन पक्ष भांडत असतात. एक म्हणतो, जड नॉबनं गिअरबॉक्स सुखावतो. दुसरा म्हणतो, जड नॉबनं सिंक्रोची वाट लागते. माझ्या हिशेबानं दोघांनीही ४ टक्क्यांवर फारच मोठी इमारत उभी केली आहे. सिंक्रो लवकर झिजवायचेच असतील तर घाईघाईत धसमुसळेपणानं गिअर टाकणं हा कितीतरी खात्रीचा मार्ग आहे. दुसरी एक वाईट सवय म्हणजे चालवताना हात सतत दांड्यावर टेकवून ठेवणं. त्यानं बाहीला सरकवणारा आतला काटा तिच्या खोबणीवर विनाकारण घासत राहतो. गोळ्याचं वजन तसं करत नाही, कारण ते बहुतेक सगळं सरळ खाली टेकूवर उतरतं. दांडा १५ अंश कललेला असला तरी अर्ध्या किलोचा आडवा जोर सव्वा न्यूटनच्या आसपास भरतो.

आणखी एक गोष्ट या हिशेबात धरायची राहिली होती, ती म्हणजे हात. सत्तर किलोच्या माणसाचा पंजा आणि कोपरापर्यंतचा हात मिळून दीड किलोच्या आसपास भरतो. नॉब मुठीत आवळून गिअर टाकणाऱ्याच्या बाबतीत हा दीड किलो नॉबलाच जोडला जातो, मग वरून ४०० ग्रॅम वाढले काय नि नाही काय. जो तळहातानं हलकेच ढकलतो किंवा दोन बोटांनी ओढतो, त्याचा हात नॉबपासून थोडा सुटा राहतो. फरक त्यालाच जाणवतो. एकाच गाडीत, एकाच नॉबबद्दल दोन माणसं दोन टोकांची मतं देतात याचं निम्मं कारण मला तरी हेच वाटतं.

होंडाच्या इंजिनिअरांनी यावर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९९२ च्या एनएसएक्स-आर या स्पोर्ट्स कारला त्यांनी टायटॅनियमचा नॉब दिला, आणि टायटॅनियम पोलादापेक्षा बराच हलका. २०२० च्या सिव्हिक टाइप आरमध्ये त्यांनी थेंबाच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा नॉब बसवला आणि त्याच्या पोटात वजन घातलं. किती? ९० ग्रॅम! बाजारात अर्ध्या किलोचे गोळे विकले जात असताना गाडी बनवणारे ९० ग्रॅमवर थांबले. एंजिन आडवं बसवलेल्या, केबलनं गिअर पडणाऱ्या कित्येक गाड्यांमध्ये तर गिअरबॉक्सवरच्या भुजेलाच लोखंडाचा ठोकळा जोडलेला असतो. जडत्व हवंच असतं, ते फक्त झाकणाखाली ठेवलेलं असतं.

उंचीकडेही लक्ष द्यावं. २० सेंटिमीटरचा दांडा २२ चा केला तर जोर सुमारे ९ टक्के कमी लागतो, हात १० टक्के जास्त हलतो, आणि त्याच नॉबचं जडत्व २१ टक्के वाढतं. ज्यांनी दांड्याची चाल आखूड करणारा शॉर्ट शिफ्टर बसवलाय त्यांच्या बाबतीत हे उलटं होतं. जोर जास्त लागतो, खाचा टोचू लागतात, आणि मग जड नॉब खरोखर उपयोगी पडतो.

आता धातू. त्याच ५ सेंटिमीटरच्या गोळ्यात प्लास्टिक घातलं तर ९० ग्रॅमच्या आसपास, ॲल्युमिनियम १७७, टायटॅनियम २९५, पितळ साडेपाचशे. टंगस्टनचा केला तर सव्वा किलो, पण त्या पैशात टायर येतील. वजनापेक्षा इथे दुसराच प्रश्न मोठा निघाला, आणि तो मी फिनिक्सच्या जूनमध्ये तळहातानं शिकलो. बाहेर ४३ अंश, टप उघडा, गाडी तासभर उन्हात. मी बसलो, गिअर टाकला आणि ओरडलो.

कोणती वस्तू हाताला किती भाजेल हे तिच्या तापमानावरच ठरत नाही, तिच्यातली उष्णता किती झपाट्यानं कातडीत शिरते यावरही ठरतं. तीन वेगळ्या पदार्थांचे नॉब ६० अंशांना तापलेले आहेत आणि कातडी ३४ अंशांची आहे असं धरून ढोबळ गणित केलं, तर हात टेकताक्षणी ॲल्युमिनियमपाशी कातडी ५९ अंशांच्या जवळ जाते, स्टेनलेस पोलादापाशी ५६ च्या वर, आणि प्लास्टिकपाशी फक्त ४४ च्या आसपास. वेदना साधारण ४३ ते ४५ अंशांना सुरू होतात. म्हणजे तितकाच तापलेला प्लास्टिकचा नॉब सहन होतो आणि धातूचा चटका देतो. वर अर्धा किलो पोलाद थंड व्हायलाही वेळ घेतं. जानेवारीच्या पहाटे हेच सगळं उलट्या दिशेनं घडतं.

आईनं दुसऱ्या दिवशी लोकरीची कुंची विणून दिली. तान्ह्या बाळाची असते तशी, खाली बंद वगैरे लावून. गाडी लावली की नॉबला घालायची. उपाय शास्त्रशुद्ध होता, शेजारच्या गाड्यांत मात्र हसू झालं.

विकत घेणाऱ्यानं आधी आटे पाहावेत. एमएक्स-५ ला १० मिलिमीटर जाडीचे, सव्वा मिलिमीटर अंतराचे आटे लागतात. होंडाच्या गाड्यांतही १० च, पण अंतर दीड मिलिमीटरचं. सुबारू आणि टोयोटाच्या अनेक मॉडेलांना १२ आणि सव्वा. चुकीचा नॉब एक-दोन आटे बसतो, मग अडतो, आणि जोर केला की दांड्याचेच आटे मारतो. बाजूनं स्क्रूनं आवळायचे, सगळ्या गाड्यांना बसणारे नॉब मिळतात, पण थोड्या दिवसांत ते डुगडुगायला लागतात. खाली चेक नट लावून घट्ट करणं बरं.

पैसे घालण्याआधीची माझी युक्ती याहून स्वस्त आहे. चाकांचं बॅलन्सिंग करताना रिमला आतून चिकटवतात ते वजनाचे चपटे तुकडे आणायचे, ५ आणि १० ग्रॅमचे. मूळ नॉबच्या खाली, दांड्याभोवती ते चिकटवायचे, वरून टेप गुंडाळायची आणि आठवडाभर गाडी चालवायची. मग आणखी ५० ग्रॅम. मला दीडशे ग्रॅमपर्यंत प्रत्येक वाढ जाणवली. त्यापुढे काही कळेना, आणि तीनशेच्या वर दांडा हाताच्या थोडा मागून येतोय असं वाटू लागलं. पटकन तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं असेल तर ते नकोसं होतं.

याच खटाटोपात टेप काढताना दांड्याखालचा रबरी बूट, म्हणजे झाकणारं आवरण, फाटलेला दिसला. दांडा बाहेर काढला तर त्याच्या खालच्या टोकावरचं प्लास्टिकचं बुश (टोकाला बसवलेली टोपी) झिजून एका बाजूनं पातळ झालेलं. जुन्या एमएक्स-५ मध्ये हा नेहमीचा रोग आहे. बूट फाटला की गिअरबॉक्सचा आवाज आणि धग थेट माणसांपाशी येते, बुश झिजलं की दांडा खिळखिळा होतो. दोन्ही नवे घातले, दांड्याच्या बैठकीतलं तेल बदललं. संध्याकाळी मूळचा हलका नॉब लावून फेरी मारली. थंडीत अडखळणारा दुसरा गिअर तेवढा अजून अडखळतो. बाकी सगळे असे पडले की मी परत येऊन पोलादी गोळा खोक्यात ठेवला.

सध्या दांड्यावर अडीचशे ग्रॅमचा नॉब आहे, आत पोलाद आणि बाहेर प्लास्टिक. कुंची त्याला सैल होते.