तोटा कोणाच्या खिशातून जातो? मालकी, कर्ज आणि जोखीम यांची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १८७८ मध्ये स्कॉटलंडमधली सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्या भागधारकांचे दायित्व अमर्यादित होते, म्हणजे बँकेची देणी त्यांच्या खासगी मालमत्तेतूनही वसूल होऊ शकत. देणी भागवण्यासाठी दर १०० पौंडांच्या भांडवलामागे आधी ५०० आणि मग आणखी २,२५० पौंड मागण्यात आले. १,८१९ भागधारकांपैकी जेमतेम २५४ जण या वसुलीतून तगले. दुसऱ्याच्या मालमत्तेचे विश्वस्त म्हणून ज्यांच्या नावावर शेअर होते, त्यांनाही न्यायालयाने सोडले नाही.

इतकी टांगती तलवार डोक्यावर असताना ही बँक इतकी बेफिकीर वागलीच कशी? उत्तर साधे आहे: कर्जे वाटणारे संचालक होते, आणि त्यांनी खोटे ताळेबंद दाखवून बुडीत कर्जे झाकून ठेवली होती. घरदार गहाण पडले ते ज्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते अशांचे. निर्णय एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, ही फारकत झाली की जोखीम वाढते. पुढच्या दीडशे वर्षांचा वाद मुळात याच फारकतीचा आहे.

फारकत अर्थात त्याहून जुनी. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर ॲमस्टरडॅममध्ये हातोहात विकले जात, पण कारभार सतरा संचालकांच्या मंडळाकडे असे आणि सामान्य भागधारकाला फारसे कोणी विचारत नसे. परक्याचा पैसा माणूस स्वतःच्या पैशाइतक्या काळजीने सांभाळत नाही, असा इशारा ॲडम स्मिथने १७७६ मध्येच दिला होता. ब्रिटनने १८५५ साली मर्यादित दायित्वाचा कायदा केला आणि त्याखाली येणाऱ्या कंपन्यांत (ग्लासगोची बँक त्यांत नव्हती) भागधारकाचे नुकसान त्याने घातलेल्या रकमेपुरते बांधले गेले. भांडवल उभे करणे सोपे झाले. मात्र त्यापलीकडचा तोटा आता कर्ज देणाऱ्याच्या वाट्याला येऊ लागला.

विसाव्या शतकात शेअर इतक्या हातांत विखुरले की मालक म्हणून बोट कोणाकडे दाखवायचे हेच कळेना. १९३२ मध्ये ॲडॉल्फ बर्ली आणि गार्डिनर मीन्स यांनी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या २०० बिगर-बँकिंग कंपन्या तपासल्या. त्यांपैकी ४४ टक्के कंपन्या, आणि संपत्तीच्या हिशेबाने ५८ टक्के, प्रत्यक्षात व्यवस्थापकांच्या ताब्यात असल्याचे त्यांनी मांडले.

वित्तशास्त्राने मात्र बराच काळ मालकाकडे पाहिलेच नाही. १९५८ मध्ये मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थतज्ज्ञांनी सिद्ध केले की कर, दिवाळखोरीचा खर्च वगैरे अडथळे नसतील तर कर्ज किती आणि मालकांचे भांडवल किती यावर कंपनीचे मूल्य अवलंबून नसते. माझ्या मते या प्रमेयाचा खरा उपयोग असा, की त्यातले एकेक गृहीतक काढले की प्रत्यक्ष जग दिसू लागते. १९७६ मध्ये मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी नेमके तेच केले. कंपनी चालवणाऱ्याचे हित आणि पैसे पुरवणाऱ्याचे हित एकच असते, हे गृहीतक त्यांनी काढून टाकले.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आकड्यांत पाहा. एका कंपनीत १०० कोटी गुंतले आहेत, त्यातले ९० कोटी कर्जाचे आणि १० कोटी मालकाचे. व्याज तूर्त बाजूला ठेवू. सुरक्षित प्रकल्पातून हमखास १०५ कोटी येतात; कर्ज फेडून मालकाकडे १५ उरतात. जोखमीच्या प्रकल्पात १६० किंवा ३० कोटी येतील, दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. त्याची सरासरी ९५, म्हणजे सगळ्यांचा मिळून विचार केला तर हा प्रकल्प वाईटच. पण मालकाला एकतर ७० कोटी मिळतात नाहीतर शून्य, सरासरी ३५. तो हाच प्रकल्प निवडणार. कर्ज देणाऱ्याच्या ९० कोटींची सरासरी ६० वर येते. हे त्यालाही कळते, म्हणून तो आधीच व्याज चढवतो, तारण मागतो, करारात अटी घालतो. जोखमीची किंमत अशी फिरून मालकाकडे येते.

हे झाले मालकाच्या हाती सूत्रे असताना. पगारी व्यवस्थापकाची नोकरी, प्रतिष्ठा आणि पुढची कारकीर्द एकाच कंपनीत अडकलेली असते, त्यामुळे तो उलट जास्तच सावध होतो. संबंध नसलेल्या धंद्यांतल्या कंपन्या विकत घेण्याचा सोस व्यवस्थापकांच्या ताब्यातील कंपन्यांत अधिक असतो, असे अमिहुद आणि लेव्ह यांनी १९८१ मध्ये दाखवले. धोका विभागून आपली खुर्ची राखण्याचा तो मार्ग होता. अमेरिकेतल्या काही राज्यांनी कंपनीवर बाहेरून ताबा मिळवणे अवघड केले, तेव्हा काय झाले हे बर्ट्रांड आणि मुलैनाथन यांनी २००३ मध्ये तपासले. पगार वाढले, जुने कारखाने बंद होणे कमी झाले आणि नवे उघडणेही कमी झाले. साहेब निवांत झाले, म्हणायचे.

या निवांतपणावर जेन्सन यांनी १९८६ मध्ये सुचवलेले औषध होते कर्ज. हप्ता चुकवता येत नाही, त्यामुळे हाती खेळणारी रोकड उधळता येत नाही. कर्जाच्या बळावर अख्खी कंपनी विकत घेण्याचे ते दशकच होते. १९८८ मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीने सिगारेट आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या आरजेआर नाबिस्कोसाठी सुमारे २५ अब्ज डॉलरचा सौदा जिंकला तो याच लाटेवर.

घराण्याच्या ताब्यातील कंपनीचे गणित आणखी वेगळे. नवे शेअर काढले तर मतदानातला वाटा घटतो, म्हणून घराणे कर्जाकडे वळते. पोर्शेचे मताधिकार असलेले सगळे शेअर पोर्श आणि पिएच कुटुंबांकडे होते. फोक्सवागेनवर ताबा मिळवण्याच्या नादात कंपनीवर सुमारे १० अब्ज युरोंचे कर्ज चढले. २००९ मध्ये कतारला मताधिकारासह १० टक्के वाटा द्यावा लागला आणि शेवटी पोर्शेचा मोटार-धंदाच फोक्सवागेनकडे गेला. पण प्रत्येक बडा मालक असा धाडसी नसतो. ज्याची संपत्ती अनेक कंपन्यांत विखुरलेली आहे त्याच्या कंपन्या अधिक जोखीम घेतात आणि एकाच कंपनीत सगळे अडकलेला मालक जपून पावले टाकतो, असे फाचिओ, मार्किका आणि मुरा यांनी २०११ मध्ये युरोपातील कंपन्यांवरून दाखवले. सरकारी मालकीची तऱ्हा हंगेरियन अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी टिपली: तोटा सरकार भरून काढणार हे ठाऊक असले की हिशेबाची दोरी सैल पडते.

बँकांत मालकीचा परिणाम सर्वांत तीव्र, कारण तिथे कर्ज देणारे म्हणजे ठेवीदार, आणि त्यांना विम्याचे कवच, त्यामुळे बँकेवर लक्ष ठेवायची त्यांना फारशी गरज वाटत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय बँकांच्या भागधारकांवर १९३० च्या दशकापर्यंत दुहेरी दायित्व होते. बँक बुडाली तर शेअरच्या दर्शनी किमतीएवढी रक्कम पुन्हा भरावी लागे. वॉल स्ट्रीटवरच्या पेढ्या भागीदारीच्या होत्या. सदस्य पेढ्यांनी आपले शेअर जनतेला विकू नयेत हे बंधन न्यूयॉर्क शेअर बाजाराने १९७० मध्ये उठवले, मग एकेक पेढी बाजारात उतरली. गोल्डमन सॅक्स १९९९ मध्ये. २००८ च्या संकटात ज्या बँकप्रमुखांचे हित भागधारकांच्या हिताशी अधिक जुळलेले होते, त्यांच्या बँकांची कामगिरी चांगली झाली नाही, उलट काही पुराव्यांनुसार ती अधिक वाईट होती, असे फालेनब्राख आणि स्टुल्झ यांना आढळले. हित जुळवले की सगळे सुरळीत होते, असे मानणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली.

४८ देशांतील बँका पाहून लाव्हेन आणि लेव्हिन यांनी २००९ मध्ये काढलेला निष्कर्ष तर नियामकांना थेट लागू आहे. भांडवलाची अट, ठेवविमा, व्यवसायावरची बंधने यांपैकी कोणत्याही नियमाने जोखीम घटेल की वाढेल, हे त्या बँकेची मालकी किती एकवटलेली आहे यावर ठरते. नियम मात्र बहुतेक ठिकाणी आजही मालक कोण हे न विचारता सर्वांना सारखेच लावले जातात.