हेशेन
हेशेन : (१७५०–२२ फेब्रुवारी १७९९). चीनच्या चिंग घराण्यातील मांचू मंत्री व च्येनलुंग सम्राटाचा मर्जीतला माणूस. न्योहुरू कुळातला, वडील लष्करी अधिकारी, पण आईवडील लवकर वारल्याने बालपण ओढगस्तीत गेले. मांचूखेरीज चिनी, मंगोल व तिबेटी भाषा त्याला येत.

१७७२ मध्ये तो राजवाड्याच्या अंगरक्षकांत भरती झाला. १७७५ मध्ये तो सम्राटाच्या नजरेत भरला आणि पुढच्याच वर्षी महसूल खात्याचा उपमंत्री व सर्वोच्च सल्लागार मंडळाचा सदस्य झाला. त्याच्याहून चाळीसेक वर्षांनी मोठ्या सम्राटाशी असलेल्या या जवळिकीबद्दल पूर्वजन्मापर्यंत पोचणाऱ्या आख्यायिका आहेत. त्या बाजूला ठेवलेल्या बऱ्या. १७९० मध्ये सम्राटाची लाडकी दहावी कन्या त्याची सून झाली.

हेशेनने लाच खाल्ली, पदे विकली, हे खरेच. पण एवढ्याने त्याची सत्ता उलगडत नाही. चुकलेल्या अधिकाऱ्याने ‘स्वखुशीने’ दंड भरून सुटका करून घ्यायची, अशी पद्धत त्याच्या हाताखाली फोफावली. हा पैसा मुख्यतः सरकारी खजिन्यात न जाता सम्राटाच्या खाजगी तिजोरीत जाई आणि अधिकारी तो अखेर रयतेकडूनच वसूल करीत. म्हणजे हेशेन सम्राटालाही हवाच होता. १७९३ मध्ये मद्रासचा माजी गव्हर्नर जॉर्ज मॅकार्टनी ब्रिटिश राजदूत म्हणून आला, तेव्हा त्याचीही गाठ याच मंत्र्याशी पडली.

१७९६ मध्ये च्येनलुंगने गादी सोडली, कारभार मात्र हातातच ठेवला. त्यामुळे नवा सम्राट ज्याचिंग तीन वर्षे गप्प राहिला. त्याच काळात श्वेतकमळ पंथाचे बंड पेटले होते आणि लढाईच्या खर्चाला वाटेतच गळती लागत होती. ७ फेब्रुवारी १७९९ रोजी च्येनलुंग वारला आणि काही दिवसांतच हेशेनला अटक झाली. त्याच्यावर वीस आरोप ठेवले गेले. पहिला मोठा मासलेवाईक आहे : वारसाची घोषणा होण्याच्या आदल्या दिवशी शुभचिन्ह भेट देऊन त्याने ज्याचिंगला गुपित कळवले! देहाचे तुकडे करण्याची शिक्षा सुनेच्या रदबदलीमुळे टळली. रेशमी फास पाठवून त्याला आत्महत्या करायला लावले.

जप्तीचा ऐंशी कोटी ताएल (चांदी मोजण्याचे चिनी वजन) चांदी हा लोकप्रिय आकडा इतिहासकार मानत नाहीत. ‘हेशेन कोसळला, ज्याचिंग धाला’ ही म्हण मात्र चीनमध्ये टिकली. बेजिंगमधला त्याचा वाडा पुढे राजपुत्र कुंगकडे गेला. आज तिथे संग्रहालय आहे.

हेशेनच्या साथीदारांची पाळेमुळे खणायचे ज्याचिंगने टाळले. यावर त्याच वर्षी टीकेचे पत्र लिहिणाऱ्या हुंग ल्यांगची या विद्वानाला त्याने दूर पश्चिमेला इली येथे हद्दपार केले. पुढच्या वर्षी माफी देऊन परत बोलावले.