मुंबईची जुनी चित्र-पोस्टकार्डे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशके मुंबईतील इमारती, रस्ते, बंदर आणि माणसे यांची चित्रे छापून विकली गेलेली पोस्टकार्डे. भारतात टपाल खात्याचे साधे कार्ड १८७९ मध्ये पाव आण्याला मिळू लागले. चित्राची कार्डे त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी आली. बोटीने येणारे-जाणारे प्रवासी, सैनिक आणि गोरे अधिकारी हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. शहराचा कोणता भाग कार्डावर येणार, हे बऱ्याच अंशी त्यांच्या आवडीने ठरले.

क्लिफ्टनसारख्या मुंबईतील छायाचित्रकारांनी आणि लंडनच्या राफाएल टक कंपनीने अशी कार्डे काढली. पहिल्या महायुद्धापूर्वी बरीचशी छपाई जर्मनीत होई. मूळ छायाचित्र काळे-पांढरे असे आणि रंग छापखान्यात चढत. त्यामुळे कार्डावरच्या लुगड्याचा किंवा भिंतीचा रंग पुरावा म्हणून धरू नये.

सुरुवातीच्या कार्डांची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी राखीव होती. खुशालीच्या दोन ओळी चित्राच्या कडेला, कधी चित्रावरच लिहाव्या लागत. ब्रिटनने १९०२ मध्ये मागची बाजू दुभागायला, म्हणजे अर्धी पत्त्याला आणि अर्धी मजकुराला द्यायला, परवानगी दिली आणि काही वर्षांत ती पद्धत सर्वत्र रुळली. तेव्हा मागची बाजू सलग, न दुभागलेली असेल तर कार्ड बहुधा त्या बदलाच्या आधीचे.

चित्र कधीचे हे ओळखण्याचे खरे साधन मात्र चित्रातच असते. अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उभे आहे, पण गेटवे नाही, असे दृश्य १९०३ ते १९२४ या काळातले किंवा त्याच्या अगदी आगेमागचे; कारण हॉटेल १९०३ मध्ये उघडले आणि गेटवेचे उद्घाटन डिसेंबर १९२४ मध्ये झाले. ट्रामला घोडे जुंपलेले असतील तर छायाचित्र १९०७ च्या आधीचे. विजेची ट्राम त्या वर्षी मे महिन्यात सुरू झाली. मलबार हिलवरून टिपलेल्या बॅक बेच्या जुन्या दृश्यांत माडांची दाटी दिसते आणि समुद्र रेल्वेरुळांच्या जवळपर्यंत आलेला असतो. मरीन ड्राइव्हची जमीन तेव्हा पाण्याखाली होती. टपालाच्या शिक्क्यावर मात्र भिस्त ठेवू नये. तो कार्ड कधी धाडले एवढेच सांगतो, आणि प्रकाशक एकच छायाचित्र वर्षानुवर्षे विकत राहत.

पुतळ्यांची कार्डे वेगळ्या कारणासाठी मोलाची आहेत: त्यांतले काही पुतळे आता मूळ जागी नाहीत. संगमरवरी छत्राखाली बसलेली व्हिक्टोरिया राणी हा कार्डवाल्यांचा आवडता विषय होता. याच पुतळ्याला १८९६ मध्ये दामोदर चाफेकरांनी डांबर फासले होते. कार्डांवर ती सदैव शुभ्रच दिसते. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे मूळचा काळा घोडा, १९६५ मध्ये फोर्टमधल्या काळा घोडा चौकातून हलवला गेला आणि आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. घोडा गेला तरी जागेचे नाव टिकले. त्याच्या भोवतीचा चौक कसा होता, हे ही कार्डे पाहिल्यावर नीट उमगते.

माणसांच्या कार्डांत चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधरांची कामगिरी सर्वांत जिवंत आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तिथेच शिकवणाऱ्या या कोल्हापूरच्या चित्रकाराने १९०३ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यावरची माणसे कार्डांसाठी रंगवली. छायाचित्रांच्या कार्डांत माणसे जात, धर्म वा धंद्याचे नमुने म्हणून उभी केलेली दिसतात आणि खाली नाव नसते, केवळ वर्ग असतो. धुरंधरांच्या माणसांना चाल आहे, लगबग आहे, चेहऱ्यावर भाव आहेत. ती परक्याने पाहिलेली वाटत नाहीत.

या कार्डांतली उणीवही तितकीच ठळक आहे. बोरीबंदर, राजाबाई टॉवर, महापालिकेची इमारत यांची कार्डे उदंड; गिरणगावच्या चाळी, त्यांतले नळ, सज्जे आणि पाळी सुटल्यावरची गर्दी यांची फार थोडी. कोकण-घाटावरून आलेला कामगार भेटतो तो बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी चित्रात: क्रॉफर्ड मार्केटसमोर डोक्यावर ओझे घेऊन चाललेला, किंवा कॅमेऱ्यासमोर हलल्यामुळे अर्धवट पुसट झालेला.