परवान्याचे पंधरा रुपये आणि प्रसार भारती

साठी ओलांडलेल्या वाचकांना रेडिओच्या परवान्याची पुस्तिका नक्की आठवत असेल. वर्षातून एकदा ती घेऊन पोस्टात जायचे, खिडकीवर पंधरा रुपये भरायचे, पुस्तिकेत तिकिटे चिकटवून वर शिक्का मारून घ्यायचा. घरात टीव्ही आला की त्याचा पन्नास रुपयांचा परवाना वेगळा. तपासनीस दारात उभा राहिला आणि पुस्तिका सापडली नाही, तर दंड. ही वसुली ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बंद झाली. लोकांना हायसे वाटले, पोस्टमास्तरांनाही वाटले असेल. पण त्या पंधरा रुपयांबरोबर ऐकणारा आणि ऐकवणारा यांच्यातला एकुलता एक थेट व्यवहार संपला, हे तेव्हा फारसे कोणी बोलले नाही.

प्रसार भारती या महामंडळाकडे आज असलेल्या आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेवर वाद झाला की तो बहुतेक वेळा बातम्यांच्या सुरावर येऊन अडकतो. अमुक नेत्याला किती मिनिटे दाखवले, तमुक आंदोलन का वगळले. हे प्रश्न खरेच आहेत. पण पैसा कोणाकडून येतो आणि त्याचा जाब कोण विचारू शकतो, ही वाट धरून मागे गेले तर बातम्यांच्या सुराचे कारणही सापडते, असे मला वाटते.

मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. ते सरकारचे नव्हते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे होते. महिनाभराने कलकत्त्याचे केंद्र निघाले. परवाना शुल्क वर्षाला दहा रुपये, त्यातले आठ रुपये कंपनीला. हिशेब कागदावर सोपा होता, पण १९२९ अखेर साऱ्या देशात परवाने आठ हजारांच्या आतच राहिले. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि १ एप्रिलपासून सरकारने केंद्रे ताब्यात घेतली. ब्रिटनमध्ये खासगी कंपनी बाजूला करून १ जानेवारी १९२७ पासून बीबीसी हे सनदेने बांधलेले सार्वजनिक महामंडळ झाले होते. म्हणजे एकाच साच्यातल्या दोन संस्था होत्या. तिकडे खासगी कंपनीचे महामंडळ झाले, इकडे तिचे सरकारी खाते झाले. पुढच्या नव्वद-पंचाण्णव वर्षांची गोष्ट या वळणावर ठरली.

सरकारला तरी ते ओझे हवे होते असे नाही. मंदीच्या काळात, ऑक्टोबर १९३१ मध्ये, प्रसारण बंद करण्याचा निर्णय झाला आणि ओरड झाल्यावर नोव्हेंबरात तो मागे घेतला गेला. मग आयात रेडिओंवरचे शुल्क वाढवून खर्च भागवायला सुरुवात झाली. १९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन प्रमुख म्हणून आले आणि ८ जून १९३६ रोजी संस्थेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. नाव बदलले, पण खाते राहिले. या खात्याच्या मागे जो कायदा उभा होता तो १८८५ चा तार कायदा. रेडिओचा शोध लागण्याच्या आधीचा! रेडिओलहरींवरचा सरकारचा एकाधिकार त्या कायद्यावर थेट १९९० च्या दशकापर्यंत तगला.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात सहा केंद्रे होती. नागपूर १९४८ मध्ये आले, पुणे १९५३ मध्ये, आणि गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीजांची पणजीतली नभोवाणी आकाशवाणीत आली. पैशाचा मार्ग मात्र एकच. परवान्याची रक्कम पोस्टामार्फत सरकारी तिजोरीत जायची आणि खात्याचा खर्च अर्थसंकल्पातून यायचा. म्हणजे श्रोता पैसे देत होता, पण ते आकाशवाणीच्या हातात पडत नव्हते. तरीही परवाना काढलेला माणूस 'मी पैसे भरतो' असे म्हणून पत्र लिहू शकत होता, आणि अशी पत्रे लिहिली जात.

याच काळात मराठी मुलखाशी जोडलेला एक प्रसंग घडला. पुण्याचे डॉ. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, आणि त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू प्रामाणिक होता, हे मला मान्य आहे. पण एका मंत्र्याची आवड साऱ्या देशाच्या कानांवर लादता येत होती आणि तिला अडवू शकेल असे मंडळ, विश्वस्त किंवा परिषद नव्हती, हा त्यातला खरा मुद्दा. दुरुस्ती झाली ती श्रोत्यांनी सुई फिरवल्यामुळे.

विविध भारतीने पुढे पैशाचीही नवी वाट उघडली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर जाहिराती आल्या त्या १ जानेवारी १९७६ पासून, आणि त्याच वर्षी १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. १९८४ मध्ये प्रायोजित मालिकांचा काळ सुरू झाला, उत्पन्न भराभर वाढले, आणि वसुलीची कटकट सरकारला नकोशी झाली. परवाने रद्द होण्यामागची पार्श्वभूमी ही होती. त्यानंतर दोनच दाते उरले: सरकार आणि जाहिरातदार.

दरम्यान स्वायत्ततेची मागणी दोनदा कागदावर येऊन गेली होती. अशोक चंदा समितीने १९६६ मध्येच आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांची वेगळी स्वायत्त महामंडळे करा असे सांगितले. ते बासनात गेले. मग आणीबाणी आली. विद्याचरण शुक्ल मंत्री असताना किशोरकुमारांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली, बातम्यांतून विरोधक नाहीसे झाले. लोकांनी तो अनुभव घेतला होता, म्हणूनच १९७७ नंतर बी. जी. वर्गीस यांच्या समितीला ऐकणारे कान मिळाले. फेब्रुवारी १९७८ च्या अहवालात समितीने विश्वस्तांच्या हाती असलेल्या राष्ट्रीय प्रसारण न्यासाची कल्पना मांडली आणि त्याच्या स्वातंत्र्याला राज्यघटनेचेच संरक्षण द्या असे सुचवले. लालकृष्ण अडवाणी यांनी १९७९ मध्ये आणलेल्या विधेयकात ते संरक्षण नव्हते, आणि लोकसभा विसर्जित झाल्याने विधेयकही बुडाले.

त्या वर्षांतली एक गोष्ट मात्र टिकली. राजकीय पक्षांना निवडणुकीत आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ देण्याची पद्धत १९७७ पासून सुरू आहे, आणि कोणाला किती वेळ हे निवडणूक आयोगाच्या नियमांनी ठरते. मंत्रालयाबाहेरच्या कोणाकडे सूत्र दिले की याच यंत्रणेकडून न्याय्य काम करून घेता येते, याचा पुरावा इतकी वर्षे आपल्यासमोर आहे.

प्रसार भारती कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली १२ सप्टेंबर १९९० रोजी. तो अमलात आला १५ सप्टेंबर १९९७ रोजी. मधली सात वर्षे एकाही सरकारला अधिसूचना काढावीशी वाटली नाही. हलवून जागे केले ते सर्वोच्च न्यायालयाने. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेशी सरकारच्या झालेल्या वादात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल आला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्या नियमनासाठी स्वतंत्र, स्वायत्त प्राधिकरण उभारा, असे न्यायालयाने बजावले. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. पी. बी. सावंत मुंबईचे. पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि प्रसार भारतीच्या मंडळाची नावे सुचवणाऱ्या तीन जणांच्या समितीत कायद्यानेच त्या पदाला जागा आहे. बाकी दोघे म्हणजे राज्यसभेचे सभापती आणि राष्ट्रपतींचा प्रतिनिधी.

हा कायदा मुळातून वाचण्यासारखा आहे. कलम १७ सांगते की केंद्र सरकार महामंडळाला दरवर्षी पैसे 'देऊ शकेल'. 'देईल' असे म्हटलेले नाही. काय देऊ शकेल? पहिली बाब, रेडिओ-टीव्ही परवान्याचे शुल्क, 'असल्यास', वसुलीचा खर्च वजा करून. कायदा झाला तेव्हा ते शुल्क जाऊन काही वर्षे झाली होती! दुसरी बाब, सरकारला आवश्यक वाटतील त्या इतर रकमा. रक्कम किती, कशाच्या आधारावर, किती वर्षांसाठी, याचे सूत्र कुठेही नाही. कलम २३ सरकारला देशाची सुरक्षा, एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी लेखी निर्देश देण्याचा अधिकार देते. हिशेबाची तपासणी कॅगकडे आहे, वार्षिक अहवाल संसदेपुढे जातो.

आणि दोन कलमे अशी, की ज्यांत या संस्थेचा जाब सरकारऐवजी लोकांकडे वळवण्याची सोय होती. कलम १३ प्रमाणे लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात अशा बावीस खासदारांची समिती. कलम १४ प्रमाणे तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद. १९९७ च्या वटहुकुमाने संसदीय समितीचे कलमच उडवले. १९९८ मध्ये नव्या सरकारने दुसऱ्या वटहुकुमाने ते परत आणले, सोबत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची वयोमर्यादाही, ज्यामुळे पहिले अधिकारी एस. एस. गिल यांना जावे लागले. वयोमर्यादा लगेच लागू झाली. समिती आणि परिषद मात्र कागदावरच राहिल्या. २०१४ च्या सुरुवातीला सॅम पित्रोदा समितीने पुन्हा त्याच दुखण्यावर बोट ठेवले: सरकारी प्रसारक राहू नका, खरे लोकप्रसारक व्हा, आणि त्यासाठी संसदेला व समाजाला उत्तरदायी असणारी रचना उभारा.

पैशाच्या बाजूने तिढा आणखी घट्ट झाला तो कर्मचाऱ्यांमुळे. ५ ऑक्टोबर २००७ रोजी कामावर असलेले सरकारी कर्मचारीच राहतील, प्रसार भारतीत त्यांची प्रतिनियुक्ती समजली जाईल, असे कायद्यात दुरुस्ती करून ठरले. सप्टेंबर २०१२ मध्ये मंत्रिमंडळाने पगाराचा सगळा खर्च उचलला, जुनी कर्जे आणि थकबाकीतूनही संस्थेला मोकळे केले. चालू खर्च मात्र तिने स्वतःच्या कमाईतून भागवायचा. हजारो कुटुंबांना दिलासा मिळाला, यात वाद नाही. पण ज्या संस्थेचा पगार मंत्रालयाच्या सहीवर होतो तिने मंत्रालयाला नाही म्हणायचे कसे? २०१८ मध्ये ही गाठ उघड्यावर आली. गोव्यातल्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सोहळ्याचे चित्रण एका खासगी कंपनीने केले होते. त्याचे २.९२ कोटी रुपये देण्यास प्रसार भारतीच्या मंडळाने नकार दिला. मंत्रालयाने पगाराचे पैसे रोखून धरले आहेत, असे तेव्हाचे अध्यक्ष ए. सूर्यप्रकाश यांनी जाहीरपणे म्हटले. मंत्रालयाने ते नाकारले. वित्तीय नियमांप्रमाणे करायचा सामंजस्य करार प्रसार भारतीने केलेला नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे. कोणाचे किती खरे, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी महामंडळाची मान कुठे अडकली आहे हे सगळ्यांना दिसले. सूर्यप्रकाश फेब्रुवारी २०२० मध्ये निवृत्त झाले आणि अध्यक्षाची खुर्ची चार वर्षे रिकामी राहिली.

स्वतःची कमाई म्हणजे जाहिराती, क्रिकेटचे सिग्नल वाटून घेण्याच्या २००७ च्या कायद्याने जाहिरात उत्पन्नातून मिळणारा पंचवीस टक्के हिस्सा, आणि मुख्यतः डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेवरच्या चॅनलच्या जागांचा लिलाव. ही फुकटातली छत्री खेड्यापाड्यांत घरोघर पोचली, पण तिच्यावर बोली लावून येतात ते खासगी चॅनल. यंत्रसामग्रीसाठी जानेवारी २०२३ मध्ये २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर झाली. ट्रान्समीटर, स्टुडिओ लागतातच. मात्र शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बोलीभाषेतले नाटक, जिल्ह्याची बातमी यांचा माणूस या रकमेतून उभा राहत नाही.

जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. पुण्याच्या सकाळच्या बातम्यांवर दिवस सुरू करणारे श्रोते अस्वस्थ झाले, पत्रके निघाली, लोकप्रतिनिधी बोलले. कायद्यातली परिषद अस्तित्वात असती तर दाद तिथे मागता आली असती. ती नाही, म्हणून दाद दिल्लीत मंत्र्यांपर्यंत गेली आणि स्थगिती आली तीही तिथूनच.