कार्बनच्या गोष्टीतला दगड

शाळेच्या पुस्तकातलं कार्बन चक्राचं चित्र आठवा. झाड, गाय, कारखान्याचं धुराडं आणि सगळीकडे बाणच बाण. दगड असलाच तर खाली कोपऱ्यात कुठेतरी. पण पृथ्वीवरचा बहुतेक कार्बन आजही दगडातच बसलाय. हवेत साधारण ८५० ते ९०० अब्ज टन, समुद्रात ३८,००० अब्ज टनांच्या आसपास, आणि चुनखडक वगैरे खडकांत समुद्राच्याही हजार पटींहून जास्त. आणि कार्बन रूप बदलत फिरतो हे माणसाला पहिल्यांदा कळलं तेही दगडामुळेच.

चुन्याची भट्टी लावणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं की चुनखडी भाजली की हलकी होते. त्या कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो तापतो, फसफसतो, फुटतो, मग वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळून भिंतीत गेला की वर्षानुवर्षं कडक होत राहतो. पण भाजताना गेलेलं वजन गेलं कुठे? हे नीट तोलून बघितलं १७५० च्या दशकात एडिंबरामधल्या जोसेफ ब्लॅकने. तो मुळात मेडिकलचा विद्यार्थी, त्या काळी मूतखड्याला चुन्याची निवळी पाजायचे, ती पोटाला जहाल, म्हणून त्याहून सौम्य काहीतरी शोधताना तो मॅग्नेशिया नावाच्या पांढऱ्या पावडरीकडे वळला आणि तापवण्याआधी तोल, तापवल्यावर तोल असं करत राहिला. कमी झालेलं वजन म्हणजे एक वायू आहे, तो दगडात अडकून होता, आणि आपण उच्छ्वासात सोडतो तोही हाच, हे त्याला कळलं. शाळेत निवळीत स्ट्रॉने फुंकल्यावर ती दुधाळ होते ना, ती टेस्ट इथूनच आली. आजच्या हिशोबाने १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि ५६ किलो चुना उरतो. भिंतीतला चुना तोच वायू हवेतून हळूहळू परत ओढून पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे भट्टी ते भिंत हे एक छोटंसं कार्बन चक्रच झालं की.

पानांचं काम त्यानंतर उलगडलं. १७७१ मध्ये प्रीस्टलीने मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिना ठेवला, काही दिवसांनी तिथे मेणबत्ती परत जळली. १७७९ मध्ये इंगेनहाऊझने दाखवलं की हे फक्त उजेडात आणि झाडाच्या हिरव्या भागातच होतं, आणि १८०४ मध्ये जिनिव्हाच्या सोश्युरने वजनं करून सांगितलं की झाडाच्या अंगातला कार्बन मातीतून नाही तर हवेतून येतो. (मधल्या काळात लव्हाझिएने हिरा जाळून बघितला होता, आणि १७९७ मध्ये टेनंटने हिरा म्हणजे निव्वळ कार्बन हे पक्कं केलं. श्रीमंती एक्सपेरिमेंट!)

मला यातला सगळ्यात जास्त आवडणारा माणूस मात्र फ्रान्सचा एबेलमेन. खाणींचा इंजिनिअर, पुढे सेव्हर्सच्या पोर्सिलेन कारखान्याचा प्रमुख. १८४५ मध्ये त्याने लिहिलं की पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडक कुजवतो, खडकातला कॅल्शियम नदीतून समुद्रात जातो, तिथे त्याचा चुनखडक होतो, आणि ज्वालामुखी तोच वायू परत हवेत सोडतात. आज पुस्तकात देतात तो लांब पल्ल्याचा सगळा फेरा त्याने तेव्हाच मांडला होता. पण १८५२ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो गेला आणि त्याचं काम जे धूळ खात पडलं ते पडलंच. शंभरेक वर्षांनी, १९५२ मध्ये, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ युरीने तीच रासायनिक क्रिया परत मांडली आणि नाव त्याचं झालं.

स्वीडनच्या ह्योगबोमने १८९४ मध्ये वेगळाच हिशोब केला. जगात जळणाऱ्या कोळशातून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो, तो खडक वर्षभरात जेवढा ओढतात साधारण तेवढाच आहे असं त्याला दिसलं. १८९६ मध्ये अऱ्हेनियसने हाच हिशोब हाताशी धरून कार्बन डायऑक्साइड वाढला तर हवा किती तापेल याचं गणित मांडलं, तरी फारसं कोणी घाबरलं नाही, कारण जास्तीचं सगळं समुद्र पिऊन टाकेल असंच बहुतेकांना वाटायचं. १९५७ मध्ये रेव्हेल आणि स्यूस यांनी दाखवलं की समुद्र पितो, पण समजलं जात होतं तितक्या सहज नाही. पुढच्याच वर्षी कीलिंगने हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली. तेव्हा दहा लाखात ३१५ च्या आसपास भाग होते, आता ४२० च्या पुढे. त्या आलेखात दरवर्षी एक चढ आणि एक उतार दिसतो, उत्तर गोलार्धातल्या झाडांना पालवी फुटली की खाली, पानं गळून कुजली की वर.

दगड परत चर्चेत आला १९८१ मध्ये. वॉकर, हेज आणि कास्टिंग या तिघांनी मांडलं की हवा तापली तर खडक जोरात कुजतात, वायू जास्त ओढतात आणि पृथ्वी पुन्हा थंड होते. फक्त याला लाखो वर्षं लागतात. ज्वालामुखींवर खापर फोडणाऱ्यांसाठी सांगतो, जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जे सोडतात ते आपल्या धुराच्या एक टक्कासुद्धा नाही.

आपल्या पायाखालचा काळा पत्थर, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट, या कामात फार तरबेज. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर, आणि तो ग्रॅनाइटपेक्षा लवकर कुजतो. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे बरेचसे याच कॅल्शियमचे. बोअरच्या पाण्याने हीटरच्या रॉडवर जो पांढरा थर चढतो तोही त्याच नात्यातला, पाणी तापलं की विरघळलेल्या कार्बनातला काही भाग चुना होऊन चिकटतो आणि काही वायू होऊन उडतो.

आइसलंडमध्ये २०१२ पासून हेच मुद्दाम करून बघितलं, पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडला, आणि २०१६ मध्ये जाहीर झालं की त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत दगड झाला. दख्खनच्या बेसाल्टचाही असा अभ्यास झालाय. पण आइसलंडच्या त्या प्रयोगात काही शे टनच सोडला होता, आणि जग वर्षाला नुसतं कोळसा, तेल, गॅस आणि सिमेंटमधून ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडतंय.