सैनिकी वारसा-सन्मान (बेळगाव सीमाभाग)

सैनिकी वारसा-सन्मान म्हणजे लढणाऱ्याची आठवण राखणाऱ्याचा गौरव. परमवीर चक्रापासून सेना पदकापर्यंतचे सन्मान प्रत्यक्ष कामगिरीसाठी दिले जातात. तीच कामगिरी पोवाड्यात गाणारा शाहीर, दगडात कोरणारा पाथरवट, पलटणीचे जुने कागद आणि फोटो सांभाळणारा निवृत्त सुभेदार, मातीतून किल्ला उभा करणारी गल्लीतली पोरे यांचा मान वेगळा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगल या पट्ट्यात ही आठवण मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत नांदते, म्हणून इथे या सन्मानाची रूपेही दोन्हीकडून आलेली आहेत.

मराठीत याचा सर्वांत जुना ठळक दाखला शिवकाळातला आहे. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदास (अगिनदास) या शाहिराने पोवाडा रचला आणि त्याबद्दल त्याला घोडा व शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, असे त्या पोवाड्यातच सांगितले आहे. तलवार गाजवणाऱ्याइतकाच ती गाजलेली तलवार लोकांच्या कानी घालणाराही दरबाराच्या मानाला पात्र आहे, ही समज तेव्हापासूनची. आज कुठल्याही मंडळाच्या व्यासपीठावर डफावर थाप पडते आणि शाहिराला फेटा बांधून शाल-श्रीफळ दिले जाते, ते त्याच बक्षिसाचे लहान रूप होय.

दगडातला मान

वीरगळ हा शब्दच या भागाची ओळख सांगतो. तो कन्नड 'वीरगल्लु'वरून मराठीत आला. कल्लु म्हणजे दगड. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, कधी विहिरीच्या काठाला हे दगड उभे दिसतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत झुंज असते: ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर घोडेस्वार किंवा पायदळ. गाईंची रांग कोरलेली असेल तर गुरे सोडवताना तो पडला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याचे नाव राहील. शेंदूर आणि तेलाच्या पुटांखाली चंद्राची कोर बोटांना लागते, डोळ्यांना दिसत नाही, असेही पुष्कळदा होते.

गावकरी या दगडांना देव मानून पुजतात. पूजा टिकली म्हणून दगड टिकले, हे मान्य करायलाच हवे. पण शेंदराने अक्षरे बुजतात, आणि लेख असलेला वीरगळ वाचता येईनासा झाला की त्या वीराचे नाव दुसऱ्यांदा जाते. गावातले जे हौशी अभ्यासक असे दगड पालथे पडलेले असतील तर उभे करतात, मोजमाप घेतात, ठसे काढतात, त्यांचे काम लढाईच्या इतिहासाला थेट हातभार लावणारे आहे. बहुतेक वीरगळांवर कोरणाऱ्याचे नाव सापडत नाही.

पलटणीचे घर

बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. रेजिमेंटचा आरंभ १७६८ साली मुंबई इलाख्यातल्या शिपायांच्या पलटणीपासून होतो. पहिली पलटण 'जंगी पलटण' आणि दुसरी 'काळी पाचवीण' या नावांनी आजही ओळखली जाते. रेजिमेंटच्या चिन्हातला बिगूल लाइट इन्फंट्रीचा आहे. बलुचिस्तानातल्या कहानच्या वेढ्यात केलेल्या झुंजीनंतर १८४१ मध्ये 'लाइट इन्फंट्री' (चपळ पायदळ) हा किताब मिळाला.

वारशाच्या दृष्टीने यातली शर्कतची गोष्ट सर्वांत मोलाची. ऑक्टोबर १९१८ मध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) तैग्रिस नदीकाठी शर्कत इथे ११४ वी मराठा पलटण लढली आणि त्या एका लढाईसाठी तिला २८ शौर्यपदके मिळाली. पुढे १९२२ च्या फेररचनेत हीच पलटण बेळगावात प्रशिक्षण पलटण झाली आणि तिच्यातून आजचे सेंटर उभे राहिले. २८ पदके मिळवलेल्या पलटणीच्या वाट्याला नवे रंगरूट घडवण्याचे काम आले! सेंटरमध्ये शर्कत दिन पाळला जातो. कोंढाणा घेतल्याची आठवण म्हणून ४ फेब्रुवारी हा मराठा दिन असतो. सेंटरच्या संग्रहालयात पदके, गणवेश, शस्त्रे आणि छायाचित्रे मांडलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, मरणोत्तर) आणि शिपाई नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५), तसेच १९७१ च्या बांगलादेश युद्धातली जमालपूरची लढाई ही इथल्या पोरांना पाठ असलेली नावे.

भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोराला ही नावे पुस्तकातून क्वचितच कळलेली असतात. ती कळतात आजोबांच्या पेटीतल्या पेन्शनच्या कागदांतून, भिंतीवरच्या फ्रेममधून आणि गावच्या माजी सैनिकांच्या गप्पांतून. या घरगुती संग्रहांची नोंद घेणे आणि ते जपणाऱ्यांना नावानिशी पुढे आणणे, हे या सन्मानाचे या भागातले पहिले काम ठरावे.

कित्तूर आणि नंदगड

२३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या राणी चेन्नम्मांच्या सैन्याने इंग्रजांना हरवले. धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत मारला गेला. डिसेंबरात कित्तूर पडले. राणीचा सरदार संगोळ्ळी रायण्णा याने लढा चालू ठेवला आणि त्याला खानापूर तालुक्यातल्या नंदगडला २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी झाली. त्याच्या समाधीजवळच्या वडाला मूल व्हावे म्हणून लोक पाळणे बांधतात. ऑक्टोबरात सरकारी पातळीवर कित्तूर उत्सव भरतो, पण त्याच्याही आधीपासून ही आठवण राखली ती गाणाऱ्यांनी. इंग्रज अधिकारी आणि लिपितज्ज्ञ फ्लीट याने १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात कन्नड ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापले. त्यांत रायण्णाच्या बंडावरचाही पोवाडा आहे.

चित्ररथ आणि किल्ले

बेळगावची शिवजयंती वैशाखात तिथीने साजरी होते आणि तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे केलेले सजीव देखावे बसवताना मंडळांची पोरे महिना-महिना खपतात. पण खरी कारागिरी पाहायची तर दिवाळीत गल्लीबोळांतून फिरावे.

आधी विटा आणि दगड रचून डोंगराचा सांगाडा होतो. त्यावर चिखलाच्या राडीत बुडवलेले गोणपाट अंथरतात, म्हणजे कडे आपोआप सुरकुत्या घेऊन उभे राहतात. तांबड्या मातीचा हात फिरतो, वर मोहरी आणि अळीव पेरतात, रोज सकाळी तोंडाने पाण्याचे तुषार मारतात. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. मग तट, बुरूज, महादरवाजा, पाण्याची टाकी, आणि शेवटी बाजारातून आणलेले मातीचे मावळे. स्पर्धेचे परीक्षक आले की सातवीतला पोरगा काठीने दाखवत बोलू लागतो: इथून खिंड, इथे चोरदरवाजा, इथून गनीम आला. राजगडाच्या तीन माच्या त्याला न अडखळता सांगता येतात, कारण त्या त्याने हाताने थापलेल्या असतात. बक्षीस म्हणून बहुधा ढाल, प्रमाणपत्र आणि थोडी रोख रक्कम मिळते. सैनिकी वारसा जपणाऱ्या सर्जनशील कामाचा इतका जिवंत सन्मान दुसरा दाखवता येणार नाही.

संस्थात्मक सन्मान

अमेरिकेत मरीन कोअर हेरिटेज फाउंडेशन (स्थापना १९७९) मरीन सैनिकांच्या इतिहासावरील पुस्तके, कादंबऱ्या, चित्रकला, छायाचित्रे आणि वार्तांकन यांना दरवर्षी वेगवेगळे पुरस्कार देते. भारतात युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या सैनिकी अभ्याससंस्थेचे मॅकग्रेगर पदक १८८८ पासूनचे, पण ते मुळात टेहळणी आणि खडतर प्रवासांसाठी आहे. याच संस्थेने २००० साली सैन्यदलांच्या इतिहास-संशोधनाचे केंद्र सुरू केले.

शाळकरी मुलांसाठी संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयांनी २०२१ मध्ये 'वीरगाथा' उपक्रम काढला. शौर्यपदक विजेत्यांवर मुलांनी कविता, निबंध, चित्र किंवा दृकश्राव्य सादरीकरण करायचे. पहिल्या वर्षी देशभरातून २५ विजेते निवडले गेले आणि प्रत्येकाला १०,००० रुपये मिळाले. पुढे विजेत्यांची संख्या १०० वर गेली. सीमाभागातल्या मराठी शाळांनी या उपक्रमासाठी आपल्याच गावच्या जवानांच्या घरी मुलांना पाठवावे. उदाहरणार्थ, कर्नल वसंत वेणुगोपाल हे ९ मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी. काश्मीरच्या उरी भागात ३१ जुलै २००७ रोजी त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्या पलटणीत सेवा केलेल्या एखाद्या हवालदाराकडून ऐकलेली हकिकत मुलाच्या वहीत उतरली, तर ती छापील चरित्रापेक्षा वेगळे काही सांगेल.