पार्श्वभूमी : सक्तीचं शिक्षण आणि मुलाचं स्वतःचं मत

कोल्हापुरात शिक्षणाच्या इतिहासाचा विषय निघाला की गाडी १९१७ वर येतेच. त्या वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता, आणि तेव्हाच्या मजुरीच्या मानानं ती रक्कम थोडीथोडकी नव्हती. १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. वर्गात कोण बसणार, हा प्रश्न या दोन हुकमांनी निकालात काढला. पण आत बसलेल्या मुलानं मास्तरांना ‘असं का?’ विचारायचं की नाही, हे हुकमानं ठरत नाही. त्याचा इतिहास वेगळा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

त्याचं एक टोक १८८२ मध्ये सापडतं. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लिपी, हिशेब आणि शेतीबरोबर नीती व आरोग्य यांचेही थोडे धडे असावेत, असं त्यांनी सुचवलं होतं. नीती शाळेत यावी, हे तेव्हाच मांडलं गेलं. ती धडा म्हणून यावी की वागण्यातून, हा पेच मात्र आजही सुटलेला नाही.

कोल्हापूरच्या वसतिगृहांनी या पेचाचं एक उत्तर नकळत दिलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पाठोपाठ जैन, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जैन बोर्डिंगमधला कुंभोजचा एक विद्यार्थी मिस क्लार्कच्या उद्‌घाटनाला गेला. परतल्यावर त्याला आंघोळ करूनच पंगतीत बसायला सांगितलं गेलं. त्यानं नकार दिला आणि त्यापायी बोर्डिंग सोडावं लागलं, असं चरित्रकार सांगतात. हाच विद्यार्थी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘स्वावलंबी शिक्षण’ हे तिचं ब्रीद ठरवलं. नियम मोडल्याची किंमत माहीत असूनही तो अन्याय्य वाटला म्हणून मोडायचा, हे त्या मुलाला कुठल्याच तासाला शिकवलेलं नव्हतं.

या वागण्याची शास्त्रीय उकल पुढे जिनिव्हात झाली. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेनं मुलांना गोट्या खेळताना बघितलं, नियम कुणी केले असं विचारलं आणि १९३२ मध्ये निष्कर्ष मांडले. लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेले आणि न बदलणारे वाटतात. दहा-बारा वर्षांची मुलं मात्र ‘सगळ्यांनी ठरवलं तर बदलू’ म्हणतात. दुसरा प्रश्न कपांचा होता. चुकून पंधरा कप फोडणारा जास्त दोषी, की चोरून जॅम काढताना एक कप फोडणारा? लहान मुलं नग मोजतात, मोठी हेतू बघतात. हा बदल बरोबरीच्या मुलांशी वाद घालून आणि जुळवून घेऊन होतो. मोठ्यांचा धाक उलट तो लांबवतो, असं पियाजेचं म्हणणं.

कोल्हापुरात या विचाराला शाळेचं रूप लीलाताई पाटील यांनी दिलं. शिक्षकांना शिकवण्यात हयात घालवलेल्या लीलाताईंनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. मराठी माध्यमाची ही छोटी प्राथमिक शाळा. इथे आनंद म्हणजे करमणूक नव्हे, हे त्या ठासून सांगत.

मुलांनी नियम स्वतः ठरवायचे, हे वर्गात करायचं म्हणजे काय? मधल्या सुट्टीत नळावर होणारी ढकलाढकली घ्या. मुलांना गोल बसवायचं, वीसेक मिनिटं द्यायची आणि आधी लहानखुऱ्यांना बोलू द्यायचं. दांडगी मुलं आधी बोलली की बाकीचे माना डोलावून मोकळे होतात. ठरलेला नियम मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचा, आठवडाभर पाळून बघायचा आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत दुरुस्त करायचा. बाईंनी नियम आधीच ठरवून ठेवला असेल तर मुलांना तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो आणि मग सभा नाटक होते. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा मॉनिटर ठेवला तरी तेच. शिक्षेचंही तसंच: पाणी सांडलं तर पुसायला लावा. उठाबशांचा सांडलेल्या पाण्याशी काय संबंध? त्यातून मूल पुढच्या वेळी सापडायचं नाही एवढंच शिकतं.

नियमांसारखंच अभ्यासातही मुलानं स्वतः विचार करायला हवा; त्याचं गणिताचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ. ३८ + २७ दिल्यावर हातचा शिकवलेलं मूल एककापासून सुरू करतं. न शिकवलेलं बहुधा ३० आणि २० चे ५०, ८ आणि ७ चे १५, मिळून ६५ असं करतं. हातच्याची रीत कच्ची राहिली की उत्तर ५१५ येतं आणि मुलाला ते खटकतही नाही, कारण संख्येऐवजी आकड्यांचे रकाने डोळ्यांपुढे असतात. पियाजेच्या शिष्या कॉन्स्टन्स कामी यांनी हाच मुद्दा लावून धरला. उत्तर आल्यावर बरोबर-चूक लगेच सांगू नका, दोन वेगळी उत्तरं फळ्यावर मांडून मुलांना भांडू द्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असं अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना आढळलं होतं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब होतात आणि गप्प बसणारी मुलं तोंड उघडतात.

सरकारी पातळीवर १९९७ मध्ये मूल्यशिक्षण आलं. वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा अशी दहा मूल्यं परिपाठात बसली, आणि बहुतेक ठिकाणी सुविचार व बोधकथा एवढ्यावर ती उरकली. शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळावर बंदी घातली. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाला पाहून त्याच्याबद्दल शिक्षकानं स्वतःच्या शब्दांत नोंद करणं त्यात अपेक्षित होतं. लवकरच तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य किती प्रगतिपुस्तकांत जसंच्या तसं आहे, ते कुठल्याही शाळेच्या कपाटात बघायला मिळेल.